बालकाची प्रतिमा आणि अदिन्नादान

पंचशीलातील दुसरे शील आमच्या वसतिगृहातील मुले दररोज सकाळच्या वंदनेत ग्रहण करतात. न दिलेली वस्तू घ्यावयाची नाही, हा त्याचा अर्थ आम्ही वर्गात शिकवितो आणि उदाहरणे देतो ती पेन्सिलीची, पैशांची. परंतु बालकाचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचे अश्रू आणि त्याचा खेळावयाचा वेळ हेही त्याचेच धन आहे. ते त्याने न देता घेणे हेही अदिन्नादानच होय.

चित्रपट, मालिका व जाहिराती यांत बालकाच्या निरागसतेला मोठी किंमत आहे. मात्र ती किंमत बालकाच्या हाती पडेलच असे नाही. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द किड’ (१९२१) या चित्रपटाने जॅकी कूगन हा बालनट जगप्रसिद्ध झाला. सज्ञान झाल्यावर त्याला कळले, की आपली बहुतेक कमाई घरच्यांनीच खर्च करून टाकली आहे. त्याने न्यायालयात दाद मागितली आणि १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या मिळकतीचे रक्षण करणारा कायदा झाला.

आपल्या देशात बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील बालकास कलावंत म्हणून काम करण्याची मुभा तिने दिली, पण त्याच्या शालेय शिक्षणास बाध येता कामा नये, या अटीवर. २०१७ च्या नियमांनुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आहे. दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. मिळकतीचा किमान वीस टक्के भाग बालकाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बालकाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही. घरातल्या मोबाइलवर मुलाला नाचविताना किंवा रडविताना मात्र तेथे ना अधिकारी असतो, ना घड्याळ पाहणारा कोणी.

वृत्तपत्रे व वाहिन्यांवरही बंधन आहे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा अथवा परिसर प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई केली आहे. नाव गाळून गाव आणि शाळा छापली, तरी ओळख उघड होतेच.

दुसऱ्यांचे दोष सांगताना आमचाही एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी येथे ब्लँकेटवाटप झाले. एका लहान मुलाच्या हाती ब्लँकेट देऊन त्याचे छायाचित्र घेतले गेले आणि खाली ‘निराधार बालक’ असे छापले गेले. पुढे तो मुलगा आठवीत गेला, तेव्हा वाचनालयातील त्या अहवालाचे तेवढेच पान फाटलेले आम्हांस आढळले. आम्ही त्याला रागावलो नाही. जे त्याचे होते, ते त्याने परत घेतले होते.

अंबलट्ठिकेत भगवान बुद्धांनी राहुलास विचारले होते, की आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे त्याने उत्तर दिले. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, त्याने स्वतःस अथवा इतरांस पीडा होते काय ते तपासावे, असा उपदेश तथागतांनी केला. राहुलाच्या प्रव्रज्येने शुद्धोदन व्यथित झाले, तेव्हा मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियमही त्यांनी घालून दिला. धम्माच्या कार्यातही जेथे अनुमती आवश्यक मानली गेली, तेथे जाहिरातीची वा अहवालाची काय कथा!

म्हणून प्रस्तुत स्मरणिकेसाठी आम्ही तीन नियम पाळले आहेत. मुलास व त्याच्या पालकांस विचारल्यावाचून छायाचित्र घेतलेले नाही. कोणाच्याही छायाचित्राखाली त्याच्या घरची परिस्थिती लिहिलेली नाही. ज्याने ‘नको’ म्हटले, त्याला कारण विचारलेले नाही. काही सामूहिक छायाचित्रांत आपणांस मुले कमी दिसतील; ती अनुपस्थित नव्हती, त्यांनी नकार दिला होता. तो नकार उच्चारण्याचे धैर्य त्यांच्या ठायी आले, हे आम्ही या विद्यालयाच्या शिक्षणाचेच फळ मानतो.