बढतीची तारीख पुढे ढकलली गेली, तर ती दुरुस्त करायला किती खर्च येतो?

महाड-पोलादपूर पट्ट्यात फौजेशी नातं नसलेलं गाव शोधावं लागतं. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याच्या तर नावातच फौज आहे. कशेडी घाटाखालच्या घरांतून पूर्वी शिपाई जात, आता काही घरांतली मुलं-मुली कमिशन घेऊन अधिकारी होतात. घरी पेढे वाटले जातात, पण कागदावर बढती कोणत्या तारखेपासून धरली, हे कुणी विचारत नाही. फाईल अडकली, बढतीचं बोर्ड उशिरा बसलं किंवा पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या बदलांची अधिकृत नोंद) चुकीची निघाली, की ती तारीख सहा महिने, कधी वर्षभर पुढे सरकते. ती मागे आणायला पैसा फारसा लागत नाही. वेळ गमावला तर मात्र तो कोणत्याही किमतीला परत मिळत नाही, म्हणून हे सगळं वेळेत माहीत असायला हवं.

आधी नुकसानीचा हिशेब करू. डिसेंबर 2004 पासून, अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनुसार, गणनायोग्य कमिशन्ड सेवेच्या 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर आणि 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होता येतं. सातव्या वेतन आयोगात या हुद्द्यांचं सुरुवातीचं मूळ वेतन अनुक्रमे 61,300, 69,400 आणि 1,21,200 रुपये आहे. लेफ्टनंट कर्नल होईपर्यंत मेजरने वेतनवाढी घेतलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण 51,800 रुपयांचा फरक पडत नाही. तरीही ही उडी सगळ्यांत मोठी आहे आणि तिच्यावर महागाई भत्ताही चढतो. इथला एक वर्षाचा उशीर लाखांत मोजावा लागतो. जेसीओंच्या (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरांच्या) बाबतीत नायब सुभेदार 35,400 वर, तर सुभेदार 44,900 वर सुरू होतो. त्यांना पैशापेक्षा सेवामर्यादेचा फटका जास्त बसतो. सुभेदारकी वेळेत मिळाली नाही, तर नायब सुभेदार त्याच हुद्द्यावर निवृत्त होऊन घरी येतो.

आता उशीर कोणामुळे झाला ते पाहा. बढतीसाठीची पार्ट बी किंवा पार्ट डी परीक्षा उशिरा पास झाली, वैद्यकीय श्रेणी खालावली किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू होती, तर तारीख पुढे जाणं बहुधा नियमातच बसतं. कर्नल आणि त्यावरच्या निवडीच्या हुद्द्यांसाठी बोर्डाने निवडच केली नसेल, तर ते प्रकरण तारखेच्या दुरुस्तीचं नसतं. सगळ्या अटी पूर्ण असूनही कार्यालयाने वेळ लावला असेल, तर मात्र लढायला जागा आहे.

ती जागा केवढी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून कळतं. मेजर जनरल एच. एम. सिंग यांच्यासाठी संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेतलं लेफ्टनंट जनरलचं पद 1 जानेवारी 2007 पासून उपलब्ध होतं, पण त्यांचं प्रकरण वेळेत विचारात घेतलं गेलं नाही. जानेवारी 2014 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन बढतीचा लाभ दिला. उलट 1989 च्या के. के. वडेरा प्रकरणात, तेही याच संस्थेतलं, न्यायालयाने सांगितलं की बढती आदेशाच्या तारखेपासून धरायची, जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून नाही. त्यामुळे जागा रिकामी होती एवढं दाखवून भागत नाही. तुम्ही पात्र होतात, विचार व्हायला हवा होता आणि तो कार्यालयाच्या दिरंगाईमुळे झाला नाही, हे कागदांनिशी दाखवावं लागतं.

हे कागद मिळवायचा पहिला खर्च 10 रुपये आहे. माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राकडे जात असल्याने शुल्क पोस्टल ऑर्डरने किंवा ऑनलाइन भरा. महाडच्या कचेरीत चालणारा कोर्ट फी स्टॅम्प तिथे चालत नाही. प्रतींसाठी पानाला 2 रुपये पडतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ आहे. बढतीची पार्ट टू ऑर्डर, सेवानोंदीतली संबंधित पानं आणि तुमची फाईल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होती, एवढं मागा. अधिकाऱ्यांच्या बढतीचं काम दिल्लीला सेना मुख्यालयातली मिलिटरी सेक्रेटरी शाखा पाहते. जेसीओ आणि जवानांच्या नोंदी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला. अर्जावर सही त्या अधिकाऱ्याची किंवा जवानाचीच हवी. वडिलांनी कशेडीहून स्वतःच्या नावाने अर्ज केला, तर खासगी माहिती म्हणून तो नाकारला जाऊ शकतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील विनाशुल्क करता येतं.

चूक फक्त वेतननिश्चितीत असेल, म्हणजे तारीख बरोबर पण पगार जुन्याच पायरीवर, तर अधिकाऱ्यांचं प्रकरण पुण्याच्या प्रधान रक्षा लेखा नियंत्रक (अधिकारी) कार्यालयाकडे जातं. त्यासाठी पावसाळ्यात वरंध घाटाने जाण्याचा धोका पत्करू नका. लेखी तक्रार पाठवून पोचपावती जपली की पुरे.

तारीखच चुकली असेल, तर सेवेत असलेल्या अधिकाऱ्याने सेना कायदा 1950 च्या कलम 27 खाली वैधानिक तक्रार करावी. इतर हुद्द्यांसाठी कलम 26 आहे. या तक्रारीला शुल्क नाही. निवृत्तांनी मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडे किंवा रेकॉर्ड ऑफिसकडे निवेदन द्यावं. सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं असल्यास लक्षात ठेवा, सरकारी कार्यालयापुढे किंवा न्यायालयापुढे करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी 500 रुपयांचा कागद आणायला सांगितलं, तर त्याचं कारण विचारा.

इथून वेळ मोजायला लागा. तक्रारीवर अंतिम उत्तर आलं, की 6 महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही, तर तक्रारीपासून 6 महिने थांबून पुढच्या 6 महिन्यांत. न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे आणि निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, त्यामुळे पोलादपूरकराला दिल्ली गाठायची गरज नाही. उशीर झाला, तर तो माफ करण्याचा अर्ज देता येतो, पण त्याची हमी नाही. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. जुन्या, मुदत उलटलेल्या दाव्यावर आता उत्तर मिळालं म्हणून तो जिवंत होत नाही, असं 2008 मध्ये सी. जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तरसेम सिंग या माजी सैनिकाच्या पेन्शनच्या खटल्यातला निकाल आला, तो प्रत्येक फौजी घराला माहीत असायला हवा. पेन्शनची चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून दावा उशिरा केला तरी तो ऐकला जातो, मात्र थकबाकी साधारणपणे दावा करण्यापूर्वीच्या 3 वर्षांचीच मिळते. ज्येष्ठतेचं आणि बढतीचं तसं नाही. तिथे इतरांचे हक्क गुंतलेले असतात, म्हणून उशीर केला तर दावाच शिळा ठरतो. दहा वर्षं गप्प बसलेल्या अधिकाऱ्याला पुढची बढती परत मिळवून देणं चांगल्या वकिलालाही अवघड जातं.

खरा मोठा खर्च वकिलाचा. न्यायाधिकरणात स्वतः उभं राहता येतं, पण ज्येष्ठतेच्या वादात मी तसं करायला सांगणार नाही. फी ठरवताना मसुदा, दाखल करणं, प्रत्येक तारीख आणि प्रवास यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. सगळं मिळून एकच रक्कम ठरली, तर ती किती तारखांपर्यंत आहे, हेही लिहून घ्या. थकबाकीतला टक्का मागणाऱ्याकडे जाऊ नका, भारतात वकिलाला तसा करार करायला मनाई आहे. महिलांना, म्हणजे वीरपत्नींनाही, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जुलै 2025 मध्ये सुरू झालेल्या नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांमध्येच कायदेशीर मदतीची केंद्रं आहेत. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी तिची चौकशी करा.

अर्जात काय मागता, याने निकालाची किंमत ठरते. नुसती 'तारीख दुरुस्त करावी' अशी मागणी केली, तर नुसती कागदावरची (काल्पनिक) बढती मिळून हाती पैसा न येण्याचा धोका असतो. वेतननिश्चिती, थकबाकी, व्याज आणि निवृत्त असाल तर सुधारित पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), हे वेगवेगळे मागा. 'काम नाही तर वेतन नाही' असं उत्तर आलं, तर सर्वोच्च न्यायालयाचं जानकीरामन प्रकरण (1991) दाखवा. माणूस काम करायला तयार होता आणि दोष त्याचा नव्हता, तर हा नियम सरसकट लागत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

घाटाखालची बरीच मुलं सीआरपीएफ आणि बीएसएफमध्येही आहेत. त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. या दलांना माहिती अधिकारातून बऱ्याच अंशी सूट आहे, आणि त्यांचे सेवाविषयक वाद सेना न्यायाधिकरणाऐवजी उच्च न्यायालयात जातात.

निकाल बाजूने लागला, की थकबाकी एकरकमी येते आणि त्या वर्षीचा आयकर फुगतो. ती रक्कम ज्या वर्षांची आहे त्या वर्षांत विभागून करसवलत मिळते, त्यासाठीचा फॉर्म (आजवरचा 10ई) विवरणपत्राआधी ऑनलाइन भरावा लागतो. पेन्शनरांनी स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर सुधारित पीपीओ उघडून हुद्दा, तारीख आणि मूळ पेन्शन, तिन्ही निकालाशी ताडून पाहावीत. तिथे जुनीच तारीख दिसली, तर निकालाची प्रत जोडून त्याच आठवड्यात तक्रार नोंदवा.