'डिग्निटरी' : शब्द, अर्थ आणि उपयोग

इंग्रजी कार्यक्रमाचे सूत्रसंचालन 'डिग्निटरीज ऑन द डायस' या शब्दांनी सुरू होते. मराठीत आपण 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणतो. या शब्दाचा नेमका अर्थ पाहू.

'डिग्निटरी' म्हणजे उच्च पदामुळे मान मिळालेली व्यक्ती. राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायमूर्ती, परदेशी राजदूत, आपल्या ठाण्याचे किंवा कल्याण-डोंबिवलीचे महापौर हे डिग्निटरी होत. लोकप्रिय नट केवळ प्रसिद्धीमुळे डिग्निटरी ठरत नाही; तो 'सेलिब्रिटी'. 'व्ही.आय.पी.' हा बोलीतला, अधिक सैल शब्द.

एकवचन 'डिग्निटरी', अनेकवचन 'डिग्निटरीज'. हे व्यक्तिवाचक नाम आहे, गुणवाचक नव्हे. 'त्याची डिग्निटरी दुखावली' हे चूक. तेथे 'डिग्निटी' हवे. 'डिग्निफाईड' म्हणजे भारदस्त, सभ्य. तसे वागणे कोणालाही शक्य आहे.

या शब्दांचे मूळ लॅटिन 'डिग्नस' म्हणजे लायक, योग्य. एकाच मुळातून दोन शब्द आले. 'डिग्निटरी' मोजक्यांना लागू पडतो. 'डिग्निटी' मात्र संविधानाच्या उद्देशिकेने प्रत्येक व्यक्तीला दिली. मराठी पाठात तिला 'प्रतिष्ठा' म्हटले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या संविधानातील दोन शेजारची कलमे येथे मुद्दाम वाचावीत. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 18 ने किताब रद्द केले. अपवाद फक्त सैनिकी व विद्याविषयक सन्मानांचा. एका कलमाने माणसाला खाली ढकलणारा शिक्का पुसला, दुसऱ्याने रावबहादुरी, सरदारकी देण्याची वाट बंद केली. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कार वैध ठरवले, पण ते नावामागे-पुढे लावण्यास मनाई केली. 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या काळात देशांतर्गत समारंभांत 'हिज एक्सलन्सी' म्हणण्याची प्रथा सोडण्यात आली. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवेही गेले.

तेव्हा पाहुण्यांचा मान अवश्य राखावा; तो पदाचा मान आहे, आणि पद मुदतीचे असते. मात्र सतरंज्या अंथरणारा कार्यकर्ता, सभागृह झाडणारी भगिनी आणि मागच्या रांगेतील श्रोता यांची डिग्निटी कोणत्याही नेमणुकीवर अवलंबून नाही. शब्दकोशात 'डिग्निटी' आधी येते, 'डिग्निटरी' नाही, असे कोणी म्हणेल तर ते वर्णक्रमाने खोटे ठरेल. परंतु संविधानाच्या क्रमाने तेच खरे आहे.