गाडी रेस घेते पण ओढत नाही? इंजिन खोलण्याआधी क्लच तपासा



आजचा मेसेज पिकाचा नाही, मोटारसायकलचा आहे. दूध डेअरीवर न्यायचं, टोमॅटोचं क्रेट कलेक्शन सेंटरवर आणायचं, खताची गोणी घरी न्यायची, सगळं आपण हिच्यावरच करतो. गाडी दोन दिवस गॅरेजला पडली की तोडणीचं गणित बिघडतं.

*काय झालं ते आधी ऐका*

आणे पठारावरच्या आपल्या एका सभासदाची १०० सीसी गाडी महिनाभर घाटात दम टाकत होती. आळेफाट्यावरून युरियाच्या दोन गोण्या घेऊन निघाले की सपाटीला ठीक, पण घाट लागला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. गॅरेजमध्ये सांगितलं, "बोअर-पिस्टन गेलाय, इंजिन खोलावं लागेल."

पैशाची जुळवाजुळव चालू असताना ते सेंटरवर आले. तिथल्या टेम्पोवाल्या भाऊंनी क्लचची दांडी बोटाने हलवून पाहिली. दांडीला ढिल अजिबात नव्हती, वायर तारेसारखी ताठ. दोन नट सैल करून ढिल दिली आणि गाडी घाट चढली. बोअर-पिस्टनला काहीच झालेलं नव्हतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. महिनाभर क्लच घासत राहिल्यामुळे प्लेटा जळाल्या होत्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच त्रास सुरू झाला आणि प्लेटा बदलाव्याच लागल्या. पहिल्या आठवड्यात दांडी तपासली असती तर हाही खर्च वाचला असता.

म्हणून आजचं सांगणं एवढंच: *क्लच स्लिप होतोय का ते ओळखा, आणि बिनपैशाची तपासणी आधी करा. वायर, मग ऑइल, मग प्लेटा. हा क्रम मोडू नका.*

*क्लच करतो काय?*

इंजिनच्या उजव्या बाजूच्या गोल कव्हरमध्ये क्लच असतो. त्यात दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात: घर्षणाचं अस्तर लावलेल्या क्लच प्लेटा आणि साध्या लोखंडी प्लेटा. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात. त्या दाबामुळेच इंजिनची ताकद गिअरमध्ये आणि पुढे चाकात जाते. आपण दांडी दाबली की स्प्रिंगचा दाब सुटतो, चकत्या मोकळ्या होतात आणि गिअर बदलता येतो.

आता दांडी सोडूनसुद्धा दाब पूर्ण बसला नाही, किंवा अस्तर झिजलं, तर चकत्या एकमेकींवरून घसरतात. इंजिन फिरतं, पण चाकाला पूर्ण जोर मिळत नाही. यालाच क्लच स्लिप म्हणतात. घसरताना घर्षणाने उष्णता होते, उष्णतेने अस्तर जळतं आणि अस्तर जळालं की घसरण आणखी वाढते. म्हणजे हा आजार आपोआप बरा होत नाही, रोज थोडा वाढतो.

*खूण कशी ओळखायची?*

👉 रेस वाढवली की इंजिनचा आवाज चढतो, पण स्पीडचा काटा त्या मानाने वर जात नाही.
👉 त्रास आधी वरच्या गिअरमध्ये, चढावर आणि ओझं असताना दिसतो. रिकाम्या गाडीला सपाटीवर काही कळत नाही.
👉 सकाळी थंड गाडी बरी चालते, दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर घसरायला लागते.
👉 चढ संपल्यावर इंजिनजवळ करपल्यासारखा वास येतो.
👉 पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त लागतं.

*दुसराच आजार तर नाही ना?*

"गाडी ओढत नाही" एवढंच सांगितलं तर मेकॅनिकही चुकू शकतो. म्हणून हा फरक लक्षात ठेवा:

१) *आवाज चढतो, वेग चढत नाही:* क्लचवर संशय घ्या.

२) *आवाजही चढत नाही, वेगही चढत नाही:* इंजिनच कमजोर पडतंय. एअर फिल्टर धुळीने भरलाय का, प्लग, पेट्रोलची लाईन हे आधी पाहा. शेतरस्त्याच्या धुळीत फिल्टर लवकर तुंबतो.

३) *गाडी मागून कुणी धरल्यासारखी वाटते:* गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. चाक अडत असेल किंवा प्रवासानंतर ब्रेकचा ड्रम जास्तच तापत असेल तर ब्रेक जॅम आहे. तापलेल्या ड्रमला थेट हात लावू नका, जवळ हात नेला तरी धग कळते.

४) *खटखट आवाज करत झटके बसतात:* चेन सैल आहे किंवा स्प्रॉकेटचे दात झिजलेत. दात निमुळते, एका बाजूला वाकल्यासारखे दिसतील.

*घरच्या घरी तपासणी*

*पायरी १: दांडीची ढिल.* गाडी बंद, हँडल सरळ. क्लचची दांडी एका बोटाने हळू ओढा. सुरुवातीचा थोडा प्रवास अगदी मोकळा हवा, त्यानंतर जोर लागला पाहिजे. या मोकळ्या प्रवासाला ढिल किंवा प्ले म्हणतात. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना दांडीच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढिल लागते. काही गाड्यांना कमी सांगितलेली असते, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा पाहा. ढिल अजिबात नसेल तर दांडी सोडूनसुद्धा क्लच थोडा दाबलेलाच राहतो.

*पायरी २: वायर.* दांडी दाबून सोडा. ती झटकन परत येते का? अडखळत येत असेल तर वायर आतून गंजलीय किंवा चिखल-धूळ गेलीय. हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून पुन्हा ढिल पाहा. वळवल्यावर ढिल गायब होत असेल तर वायर कुठेतरी अडकलीय किंवा चुकीच्या जागेवरून नेलीय. वायरच्या टोकाशी एखादी जरी तार तुटलेली दिसली तर वायर लगेच बदला, उद्यावर टाकू नका.

*पायरी ३: उभ्या गाडीची तपासणी.* मोकळ्या सपाट जागेत, समोर कुणी नसताना गाडी चालू करा. दोन्ही ब्रेक घट्ट धरा, तिसरा गिअर टाका आणि रेस न देता दांडी हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडेल. दांडी पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर क्लच बराच गेलाय. मात्र इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच शंभर टक्के चांगला असं समजू नका. थोडी घसरण या तपासणीत सापडत नाही, त्यासाठी पुढची पायरी करा.

*पायरी ४: रस्त्यावरची तपासणी.* गाडी चांगली गरम झाल्यावर, हेल्मेट घालून, रिकाम्या कोरड्या रस्त्यावर, ओझं न घेता करा. टॉप गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाने चाला आणि रेस एकदम वाढवा. आवाज आणि वेग बरोबरीने, हळूहळू वाढले तर क्लच ठीक. आवाज आधी उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. वर्दळीच्या हायवेवर हा प्रयोग करू नका.

*दुरुस्ती कोणत्या क्रमाने?*

*पहिलं: ढिल द्या.* वायरला दोन ठिकाणी अॅडजस्टर असतो. एक हँडलजवळ, दुसरा खाली इंजिनजवळ. थोडा फरक असेल तर हँडलजवळचा लॉक सैल करून अॅडजस्टर आत फिरवा, ढिल वाढते. जास्त फरक असेल तर खालचे नट वापरा. झाल्यावर लॉक घट्ट करायला विसरू नका.

मग गाडी चालू करून गिअर टाकून पाहा. दांडी पूर्ण दाबलेली असताना गाडी पुढे सरकत असेल, गिअर कडक लागत असेल किंवा न्यूट्रल सापडत नसेल तर ढिल जास्त झालीय. थोडी कमी करा.

*एक खूण पक्की लक्षात ठेवा:* वायर ताणली की ढिल *वाढते*. प्लेटा झिजल्या की ढिल *कमी होते*. म्हणून कुणी हात न लावता वायर पुन्हा पुन्हा टाइट होत असेल तर आतल्या प्लेटा झिजत चालल्यात असं समजा.

*दुसरं: ऑइल.* बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यामुळे ऑइल चुकलं की क्लचही चुकतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. कारला ते चांगले, पण आपल्या क्लचला घर्षणच हवं असतं. डब्यावर *जासो एमए* किंवा *जासो एमए२* लिहिलेलं पाहूनच घ्या. *जासो एमबी* हे स्कूटरसाठी असतं, ते नको. ट्रॅक्टरसाठी आणलेलं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतू नका. इंजिन गुळगुळीत चालावं म्हणून ऑइलमध्ये टाकायची जी औषधं मिळतात, तीही टाळा. ग्रेड पुस्तकात लिहिलाय तोच घ्या.

ऑइल बदलल्यानंतर लगेच घसरण सुरू झाली असेल तर पहिला संशय ऑइलवर घ्या. ते काढून योग्य ऑइल टाका आणि काही दिवस चालवून पाहा.

*तिसरं: प्लेटा आणि स्प्रिंगा.* ढिल बरोबर, ऑइल बरोबर, तरी घसरतोय? मग कव्हर खोलावंच लागेल, आणि हे काम मेकॅनिकचं. पण समोर उभे राहा आणि जुना माल परत मागा. लोखंडी प्लेटा निळ्या-काळ्या पडल्यात का, वाकल्यात का, अस्तर किती उरलंय ते स्वतः पाहा. क्लच प्लेटा एक-दोन नाही, पूर्ण सेट बदला. स्प्रिंगांची लांबी तपासायला सांगा, कारण मऊ पडलेल्या स्प्रिंगा नव्या प्लेटांनाही घसरवतात. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवायच्या असतात, कोरड्या बसवू देऊ नका.

*क्लच लवकर जाऊ नये म्हणून*

✅ चालवताना बोटं दांडीवर ठेवायची सवय सोडा.
✅ चढावर थांबलात तर गाडी ब्रेकवर धरा, हाफ क्लचवर नाही.
✅ घाटात इंजिन कण्हायला लागण्याआधीच गिअर खाली घ्या. वरच्या गिअरमध्ये क्लच मारत चढू नका.
✅ ओझ्याला मर्यादा ठेवा. युरियाची एक गोणी ४५ किलोची. दोन गोण्या आणि चालवणारा मिळून दीडशे किलोच्या वर जातं, आणि बऱ्याच १०० सीसी गाड्यांची मर्यादा चालवणारा धरून त्याहून कमी असते. दोन फेऱ्या मारा किंवा गावातल्या दोघा-चौघांनी मिळून टेम्पो करा.
✅ पावसाळ्यात चिखलातून आल्यावर दांडीचा सांधा आणि वायरचं टोक पुसून दोन थेंब तेल द्या.

*⚠️ घसरणारा क्लच घेऊन घाटात जाऊ नका.* ओझं असताना मध्येच जोर तुटला तर गाडी मागे सरकते, आणि ओव्हरटेक करताना जोर तुटला तर समोरून येणारी गाडी थांबत नाही. ढिल नीट होईपर्यंत माल शेजाऱ्याच्या गाडीवर पाठवा.

*गॅरेजला गेल्यावर असं सांगा:* "आवाज चढतो, वेग चढत नाही. ढिल तपासली, इतकी आहे. ऑइल अमुक महिन्यात बदललं, डबा हा." एवढं नीट सांगितलं तर विनाकारण इंजिन खोललं जाणार नाही.

आज संध्याकाळी गाडी लावताना एकच काम करा: दांडी बोटाने हलवून ढिल पाहा. एक मिनिट लागतं. ढिल नसेल किंवा वायर अडखळत असेल तर या मेसेजला *ढिल* असं लिहून उत्तर पाठवा, किंवा आवाजात बोलून पाठवा. पुढच्या वेळी माल घेऊन सेंटरवर याल तेव्हा पाने आणि तेलाची कुपी तिथे ठेवलेली असेल, सगळे मिळून पाहू.

घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल, मुलगा असो, सून असो, तर त्यांनाही हा मेसेज वाचून दाखवा.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी