मने, संकोच घरी ठेवून जा

मने, हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं पक्कं केलंस ना, मग काकूला मी समजावते. तेवढं माझ्यावर सोड. पण निघण्याआधी माझं नीट ऐकून घे. ग्रुपवर आलेल्या यादीत टॉर्च, कॅरीमॅट, स्लीपिंग बॅग, ताट-वाटी सगळं असतं. मी सांगतेय ते त्या यादीत कुणी लिहीत नाही.

आधी पाण्याचं. आपण मुली बाहेर पडलो की पाणीच पीत नाही. आडोसा कुठे मिळेल, कुणाला सांगायचं, सगळे थांबतील का, या विचारानं बाटली भरलेलीच राहते. डिसेंबरात ऊन बोचत नाही, त्यामुळे तहानही कळत नाही. मग दुपारी डोकं ठणकायला लागतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि उतरताना घसाऱ्यावर पाऊल चुकतं. घरी आल्यावर लघवीला जळजळ होते ती वेगळीच. तीन लिटर पाणी ने, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस घाल आणि तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहा. जायचं असेल तेव्हा मैत्रिणीला सरळ सांग, ‘जरा थांब, मला जायचंय.’ दोघी मिळून वाटेपासून थोड्या आत जा; एक जाईल, दुसरी पाठ करून उभी राहील. टाक्यापासून, ओढ्यापासून मात्र साठ-सत्तर पावलं लांबच. शौचाला जायचं असेल तर काठीनं वीतभर खड्डा करायचा आणि नंतर मातीनं बुजवायचा.

पाळीची तारीख त्याच सुमाराला येत असेल तरी ट्रेक रद्द करू नकोस. पॅड, वर्तमानपत्राचे तुकडे आणि झिप असलेली जाडसर पिशवी बरोबर ठेव. वापरलेलं पॅड गुंडाळून त्या पिशवीत घालायचं आणि घरी परत आणायचं. पुरायचं नाही, कारण जनावरं उकरतात; जाळायचं तर अजिबात नाही. कप वापरायचा विचार असेल तर आधी घरी सवय कर, पहिला प्रयोग गडावर नको.

रात्रीचं तर मला दोनदा सांगायचंय. तुमचे टेंट कोकणकड्याकडे लागणार. तो कडा आतून खोबणीसारखा कोरला गेलाय, वरून काठ कुठे संपतो ते अंधारात कळत नाही, आणि खालून येणारा वारा अंगाला ढकलतो. दिवसासुद्धा जाणती माणसं तिथे पोटावर झोपून खाली बघतात. म्हणून उजेड असतानाच कडा कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेव आणि टेंट काठापासून चांगला लांब लाव. रात्री उठावं लागलं तर कड्याकडे पाठ करून चाल, हेडटॉर्च लावून आणि कुणाला तरी उठवूनच. झोपमोड होईल म्हणून एकटी बाहेर पडलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

थंडी वाजली तरी टेंटच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू द्यायची नाही. बंद जागेत विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेत काही कळतही नाही. त्यापेक्षा चालताना घामेजलेला टी-शर्ट पोचल्याबरोबर बदल, कोरडे मोजे घाल, कानटोपी चढव.

टेंटची चेन कायम लावलेली असू दे. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावली तरी कधीकधी कळतही नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही. कुणाला काही चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू द्यायचं नाही. तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली आणायचं आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. सापाच्या विषावरचं औषध तिथे मिळतं. १०८ आणि ११२ तुला माहीत आहेतच. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइनही शोधून सेव्ह करून ठेव. वर रेंजचा भरवसा नसतो, म्हणून कुठून चढणार आणि कधी उतरणार ते कागदावर लिहून मला देऊन जा.

आता पायांचं. नवे बूट घालून जाऊ नकोस. नखं दोन दिवस आधी काप, नाहीतर उतरताना अंगठा बुटावर आपटून नख काळं पडतं. टाच नुसती चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांब, मोजा काढ, मायक्रोपोर चिकटव. फोड आला की उशीर झालाच. आणि इथेच चुकतं बघ, माझ्यामुळे सगळे खोळंबतील म्हणून मुली ओठ आवळून चालत राहतात. खोळंबू देत गं. पाचनई गावाकडून चढायची वाट अडीच-तीन तासांची, त्यात दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं? जो लीडर त्यावर वैतागतो, त्याच्याबरोबर पुन्हा जायचं नाही. एखाद्या ठिकाणी पाय लटपटले तर ‘मला इथे भीती वाटतेय, हात दे’ असं मोठ्यानं म्हण. फोटोसाठी कुणी काठावर बोलावलं तर ‘नाही’ म्हण, कारण देत बसू नकोस.

निघण्याआधी लीडरला फोन करून तीन गोष्टी विचार: सगळ्यात मागे कोण चालणार, औषधांची पेटी कुणाकडे आहे आणि मुलींचे टेंट कुठे लागणार. उत्तरं सरळ आली तर बिनधास्त जा. टाळाटाळ झाली तर मला सांग, दुसरा ग्रुप आपण दोघी शोधू.

डिओ, अत्तर घरीच ठेव, वाटेत मोहोळं असतात. जेवणासाठी फार काही लादून नेऊ नकोस, पिठलं-भाकरी वर मिळते. लीडरला आदल्या दिवशी पाचनईत कळवून ठेवायला सांग. शुक्रवारी संध्याकाळी सॅक भरून माझ्याकडे ये. पाठीवर चढवून बघू, जड झाली तर काय काढायचं ते मी सांगते.