स्कूटरवर मुलाची जागा कोणती?

नववीच्या वर्गात गतीची समीकरणे शिकवताना उदाहरणाला चेंडू असतो, नाही तर दगड. या वेळी आपण स्कूटर घेऊ. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. एवढ्या वेगाने जमिनीवर आदळायला वस्तू किती उंचीवरून पडावी लागेल? वेगाच्या वर्गाला १९.६ ने भागा. उत्तर सहा मीटरांहून थोडे जास्त येते, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्याची गॅलरी.

पालकहो, त्या गॅलरीचा कठडा ठेंगणा असेल तर आपण मुलाला तिथे क्षणभरही उभे करणार नाही. त्याच मुलाला स्कूटरवर पुढे, पाय ठेवायच्या जागेत उघड्या डोक्याने उभे करतो आणि "हँडल घट्ट धर हं" एवढे बजावतो. अचानक ब्रेक लागला तर त्याचे तोंड किंवा छाती हँडलवर आपटते आणि मागून मोठ्या माणसाचे वजन त्याच्यावर येते. दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या गर्दीत चाळीसचा वेग मिळतोच कुठे, असे कोणी म्हणेल. सकाळी पहिल्या घंटेच्या आधी मिळतो, आणि घाईही तेव्हाच असते.

मुलाची जागा मागे, हेल्मेटसह. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० ची वेगमर्यादा असा नियम आहे. बाबांचे जुने हेल्मेट मात्र चालणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, पट्टा लावून मान जोरात हलवून पाहा. हेल्मेट डोक्याबरोबर न वळता एकटेच फिरले, तर ते तुमच्या मापाचे नाही.

उत्तरायणाच्या दिवसांत आपल्या शहरात आणखी एक भीती असते. तुटलेला मांजा रस्त्यावर आडवा येतो, आणि पुढे उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा त्याच्या वाटेत सर्वांत आधी असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी काचेची खळ लावलेला सुती दोराही गळा कापतो. हँडलवर सळईची कमान बसवून घ्यावी, गळ्याभोवती मफलर असावा. पतंग पकडायला रस्त्यावर धावणाऱ्यांना आम्ही वर्गात वेगळे रागावणारच आहोत!

मोटारीत आजीची मांडी सुरक्षित वाटते. पण हिशेब इथेही करा. २० किलोचे मूल, वेग ताशी ४०, आणि गाडी एकदशांश सेकंदात थांबली, तर त्याला धरून ठेवायला सव्वादोनशे किलो वजन पेलण्याएवढे बळ लागेल. कोणत्या आजीच्या हातात ते असते? लहान मूल मागच्या आसनावर, त्याच्या मापाच्या बालखुर्चीत, आणि मोठे झाल्यावर पट्टा लावून बसलेले बरे. पुढे एअरबॅग फुगली तर तिचाच फटका लहान मुलाला बसू शकतो.

सायकलवाल्यांनी रोज निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत; मागचा लाल परावर्तक चिखलाने झाकलेला नसावा. दहावी-अकरावीची मुले शिकवणीला स्कूटर नेतात, हे आम्हांला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षीचा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनापुरता असतो; घरातल्या ११० सीसीच्या स्कूटरला अठरा पूर्ण लागतात. त्याआधी मूल चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी कायद्यात तरतूद आहे.

हेल्मेट घेतले तरी शाळेत ठेवायचे कुठे, असे पालक विचारतात, आणि ते रास्तच आहे. दप्तराबरोबर ते बाकाखाली मावत नाही. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत वर्गवार खुंट्यांची एक फळी बसवून द्यावी. खुंट्यांवर नावे लिहिण्याचे काम चित्रकलेच्या तासाला मुले आनंदाने करतील.