गावाची सभा फोनवर भरते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं चितेगाव शेतीचं गाव आहे आणि कारखान्यांचंही. अशा गावात सगळे मतदार एका वेळी, एका जागी जमणं अवघडच. पहिल्या पाळीचा माणूस घरी येतो तेव्हा दुसऱ्या पाळीचा कामावर निघालेला असतो, रात्रपाळीवाला झोपेतून नुकताच उठलेला असतो आणि घरातला कुणीतरी पुण्याला असतो. मग गावाचे प्रश्न व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातात. तिथे बोलणं भरपूर होतं, पण ठरत काहीच नाही. ज्याच्या हाताशी वेळ जास्त, त्याचं म्हणणं गावाचं म्हणणं ठरतं. यावर उपाय आहे: ग्रुपवरच्या गप्पा थांबवून फोनवरच, पण रीतसर सभा घ्यायची.

आधी एक मर्यादा ओळखून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार होणारी ग्रामसभा ही कायद्याची सभा आहे. गावातल्या चार लोकांनी फोनवर भरवलेली सभा तिची जागा घेऊ शकत नाही. फोनवरच्या सभेचं काम ग्रामसभेची तयारी करण्याचं: प्रश्न खणून काढायचा, आकडे जमवायचे, ठरावाचा मसुदा तयार करायचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही विभागणी फार पूर्वी केली. तिथे अभ्यासगटात हवा तितका वेळ चर्चा होते आणि निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या संमतीने होतो. फोनवरची सभा हा तुमच्या गावाचा अभ्यासगट समजा. सोसायटी, बचतगटांचा संघ किंवा शाळेचे माजी विद्यार्थी यांनाही पुढचे नियम लागू पडतील; मात्र ज्याचा त्याचा कायदा आणि पोटनियम आधी वाचावेत.

सभासद कोण, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. चितेगावसारख्या गावात खोली भाड्याने घेऊन राहणारे अनेक कामगार इथलंच पाणी पितात, इथल्याच रस्त्याने जातात, पण यादीत नसतात. त्यांना बोलण्याचा हक्क द्यावा आणि मत मात्र यादीतल्यांचं धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, पण ते विषय निघण्याआधी ठरलेलं हवं. वाद पेटल्यावर ‘हा कोण बोलणारा?’ असं विचारलं, की तो नियम राहत नाही, ते हत्यार होतं.

विषयपत्रिका सात दिवस आधी सगळ्यांच्या हाती पडावी. फोनवर तर पाठवाच, शिवाय कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या फलकाजवळ आणि किराणा दुकानात लावा. प्रत्येक विषय ठरावाच्या शब्दांत लिहा. ‘पाण्याबाबत चर्चा’ हा विषय नव्हे. ‘टाकीची सफाई दर तीन महिन्यांनी व्हावी आणि सफाईची तारीख टाकीवर रंगवावी’ हा विषय झाला. त्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, दुरुस्ती सुचवता येते. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. आयत्या वेळच्या विषयांवर बोलू द्या, पण मतदान घेऊ नका. ज्याने पत्रिका बघून, ‘आज माझ्या कामाचं काही नाही’ म्हणून सभा टाळली, त्याच्या पाठीमागे त्याच्याच गल्लीचा निर्णय व्हायला नको.

आता सगळ्यांत नाजूक भाग. चावडीवर अध्यक्षाने कुणाला खाली बसायला सांगितलं तरी तो माणूस तिथेच असतो, बोलतो, लोक ऐकतात. फोनवर एक बटण दाबलं की माणूस गायब. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या हँडफोर्थ या छोट्या गावाच्या पंचायतीची अशीच दूरस्थ बैठक झाली. जॅकी वीव्हर या बाई सचिवाचं काम पाहत होत्या आणि बटणं त्यांच्या हाती होती. भांडण वाढल्यावर त्यांनी खुद्द पंचायतीच्या अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती चित्रफीत जगभर पाहिली गेली, बहुतेकांनी बाईंची बाजू घेतली. पुढे चौकशीत निष्पन्न झालं, की अध्यक्षांचं वागणं कसंही असलं तरी त्यांना काढण्याचा अधिकार बाईंना नव्हता. आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. सभा चालवणारा अध्यक्ष वेगळा आणि बटणं सांभाळणारा वेगळा ठेवा. बटणवाल्याने त्या सभेत स्वतःचं मत मांडू नये. अध्यक्षाने नाव घेऊन, कारण सांगून आणि एकदा ताकीद देऊन झाल्यावरच आवाज बंद करावा, तोही चालू विषयापुरता. सभेबाहेर काढायचं असेल तर हजर सभासदांचं मत घ्यावं. काढलेल्या माणसाचा मताचा हक्क कायम राहावा. अध्यक्षाच्या निर्णयावर कुणालाही हरकतीचा मुद्दा मांडता यावा आणि तो आधी निकालात निघावा.

कोरम मोजताना फोन मोजू नका, माणसं मोजा. एका पडद्यासमोर सासू, सून आणि मुलगा बसलेले असतील तर ती तीन मतं आहेत. हजेरीच्या वेळी तिघांची नावं बोलून घ्या. कायद्याच्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती उपस्थिती लागते. हाच आकडा फोनवरच्या सभेला ठेवायचा म्हटलं तर एक अडचण येते. झूम किंवा गूगल मीटच्या फुकट सभेत शंभर फोनच मावतात, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या फोनवरून आला तर कोरम पुरा होताच दार बंद आणि एकशे एकावा मतदार बाहेर. शिवाय झूमची फुकट सभा ४० मिनिटांत आणि मीटची तासाभरात संपते. म्हणून एकतर वर्गणी काढून मोठी सोय घ्या, नाहीतर वॉर्डावॉर्डांत एकेका ठिकाणी, अंगणवाडीत किंवा मंदिराच्या सभामंडपात, लोकांना एका मोठ्या पडद्यासमोर बसवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचीही सोय होते आणि शेजारी शेजाऱ्याशी बोलतो.

बोलण्याचे नियम थोडे ठेवा, पण कडक पाळा. एका वेळी तीन मिनिटं. सगळ्यांची एकेक फेरी झाल्याशिवाय दुसरी संधी नाही. बाजूने एक, विरोधात एक, असा क्रम. शेजारी चॅटमध्ये चालणारी चर्चा बंद ठेवा. तिथे फक्त हरकत किंवा माहिती लिहावी. बायकांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे, ती कारणाशिवाय आलेली नाही. फोनवरच्या सभेआधीही ती घ्या. तिथे निघालेले मुद्दे त्यांच्यातल्याच एकीने, प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला मांडावेत. घरातला फोन नवऱ्याच्या हातात असतो, हे ध्यानात ठेवून महिलांच्या सभेची वेळ निवडा.

उपसूचना आली तर आधी तिच्यावर मत, मग सुधारलेल्या मूळ ठरावावर. हा क्रम चुकला की लोक कशाला हात वर करताहेत तेच त्यांना कळत नाही.

मतदानात मात्र फोनचा मोठा फायदा आहे. चर्चा आणि मतदान एकाच बैठकीत उरकण्याची गरज नाही. चर्चा संध्याकाळी घ्या, अंतिम मजकूर वाचून दाखवा, तो गोठवा आणि मतासाठी पुढचे चोवीस तास द्या. तिन्ही पाळ्यांची माणसं त्यात येतात. व्हॉट्सॲपचा पोल साध्या विषयांना ठीक आहे, पण त्यात कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. अतिक्रमण, दारू, कुणाच्या नावावर ठपका, अशा विषयांत भीड आणि भीती दोन्ही आड येतात. दारूबंदीसाठी आपल्याकडे उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान गुप्त असतं ते याचसाठी. अशा वेळी प्रत्येक मतदाराला वेगळी चिठ्ठी देऊन पेटी ठेवा. ते फोनवर करण्याचा हट्ट नको. समसमान मतं पडली तर विधानसभेच्या अध्यक्षांप्रमाणे निर्णायक मत सभाध्यक्षाचं, आणि त्याने एरवी मत देऊ नये.

नेट जाणार, लाइट जाणार, हे धरूनच चाला. अध्यक्षाचा फोन तुटला तर पुढचा कोण, हे पत्रिकेतच लिहा. पाव तासात कोरम पुन्हा जुळला नाही तर सभा तहकूब करा. तहकूब सभेत नवा विषय घ्यायचा नाही.

इतिवृत्त दोन दिवसांत सगळ्यांना मिळावं: ठरावाचा नेमका मजकूर, सूचक, अनुमोदक, बाजूची आणि विरोधातली मतं, काम कुणाकडे आणि कधीपर्यंत. विरोधकाचं म्हणणं दोन ओळींत तरी नोंदवा. दुरुस्तीला तीन दिवस द्या, मग सूचकाने ठराव कागदावर उतरवून, सह्या घेऊन ग्रामपंचायतीत द्यावा, आणि पुढच्या ग्रामसभेच्या पत्रिकेत तो यावा म्हणून पोच घ्यावी. पहिल्या सभेला एकच विषय ठेवा, रस्त्यावरच्या दिव्यांसारखा, ज्याचा निकाल महिनाभरात डोळ्यांना दिसेल.