शरदात फुलणारा क्रीटचा कंद

मृगाच्या आगेमागे सह्याद्रीत गेलात तर ओल्या मातीतून नागाच्या फण्यासारखे वर आलेले सापकांद्याचे फूल दिसेल. त्याचे पान मागाहून येते. सापकांदा सुरण-अळूच्या कुलातला. या कुलातील एक दुर्मीळ वनस्पती भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर खडकाळ जागी उगवते. तिचे शास्त्रीय नाव बायेरम डेव्हिसाय. पीटर डेव्हिस या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते दिले आहे.

जमिनीला टेकलेली, बोटाएवढ्या उंचीची, फिकट पांढरी, ठिपकेदार फुगीर कुपी आणि तिच्या तोंडातून बाहेर वाकलेला तांबूस दांडा, असे हिचे रूप. कुपी म्हणजे महाछद. खरी फुले अगदी बारीक. ती दांड्याच्या तळाशी, कुपीच्या आत दडलेली असतात.

हिचा बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बहुधा पाने येण्याआधी. शरदात तर आपल्याकडचे कंद झोपी जातात! मला हे बरीच वर्षे उलटे वाटे. क्रीटच्या पावसाचे आकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. तेथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा पावसाचा असतो.

असे का? उन्हाळ्यात उपोष्ण कटिबंधातील जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून भूमध्य प्रदेशावर येतो. तेथे हवा खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. मग ढग कसे बनणार? शरदात पट्टा दक्षिणेकडे सरकला की पश्चिमेकडून पावसाळी वादळे येऊ लागतात. म्हणजे तेथील ऑक्टोबर हा एका अर्थी आपला जून. सापकांदा आणि बायेरम दोघेही कोरड्या ऋतूच्या शेवटीच फुलतात. वेगळे आहे ते केवळ पंचांग.

पण पान नसताना फुलाला ऊर्जा कुठून मिळते? मागील हंगामात पानांनी कंदात साठवलेल्या पिष्टातून. हे घरी पडताळता येते. चैत्रात डोळा शाबूत असलेला सुरण आणा (हाताला खाज येते, जपून!), माती-पाण्याविना कोपऱ्यात ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. कोंब फुटून वाढू लागेल, तरी एकूण वजन मात्र घटत जाईल. काही पाणी उडून जाते, हे उघड आहे. पण पिष्टातला कार्बन कोणत्या रूपाने बाहेर पडला असेल? वर्गात चर्चा करा.